पवईच्या काठावर

गळ टाकून बसलेला माणूस आणि उत्तरपत्रिका तपासायला बसलेला प्राध्यापक यांत मला नेहमीच साम्य वाटत आले आहे. दोघेही तासन् तास एका जागी बसतात आणि हाती क्वचितच काही लागते. तेव्हा रविवारीही मी तोच उद्योग करायला पवईच्या तलावावर निघालो, हे पाहून आमच्या घरच्या मंडळींना हसू आवरले नाही.

खरे कारण निराळे होते. आई गेल्यावर अण्णांना आम्ही सावंतवाडीहून मुंबईला आणले, त्याला दोन वर्षे झाली होती. तिकडचे बंद घर विकायचे आम्हा भावंडांनी ठरवले होते. अण्णांची सही तेवढी राहिली होती. ते मात्र चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत गप्प बसून असत. तळ्याकाठी विषय काढावा, म्हणून कागद पिशवीत घातले. परवान्याची सोय एका शेजाऱ्यांनी केली.

पवईचा तलाव म्हणजे मुंबईची एक फसलेली योजना. शहराच्या पाण्यासाठी तो १८९१ साली बांधला, पण पाणी पिण्यालायक ठरले नाही. माणसांनी नाकारलेल्या त्या पाण्यात मासे, पाणपक्षी आणि चक्क मगरीही सुखाने नांदत आहेत!

"कटला वरच्या पाण्यात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी," शेजारी समजावून सांगत होते. मी विद्यार्थ्यासारखा ऐकत होतो. अण्णांचे लक्ष नव्हते. त्यांनी कणकेची गोळी लावली, दोरा फेकला आणि पाण्यावरच्या बुचाकडे टक लावून ते बसले.

"गळ नीट बसलाय ना?" मी विचारले.

"गळ नाय, गरी!" अण्णा म्हणाले.

एवढ्या एका शब्दाने बांध फुटला. मोती तलावाकाठची बांबूची काठी, शाळा चुकवल्याबद्दल खाल्लेला मार, सारे मालवणीत बाहेर येऊ लागले. इतक्यात बूच हलले. मी धडपडलो.

"वायच थांब रे झिला!"

वीतभर चिलापी वर आली. १९५२ साली परदेशातून आपल्याकडे आणलेला हा मासा आता इथलाच होऊन गेला आहे. अण्णांनी तो अलगद सोडवून पाण्यात टाकला आणि हात पुसत म्हणाले, "परड्यातल्या बावीत तुझ्या आयेन एक मासो सोडललो. आसतलो काय रे अजून?"

माझा हात पिशवीत होता. तो तसाच रिकामा बाहेर आला.

"मे महिन्यात जाऊन बघू या," मी म्हणालो.

घरी आल्यावर पाहतो तो कणकेच्या डब्याखाली कागद भिजून गेले होते. ते वाळवायची घाई मी केली नाही. भावाला मात्र त्याच रात्री पत्र लिहिले.