नेवाशाचा शिंपला: जुना की आजचा?

नेवासा म्हटले की ज्ञानेश्वरी आणि पैस खांब आठवतो. पण नगरहून साठेक किलोमीटरवरच्या या गावाची प्रवरा नदीही निवांत पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गोट्यांमध्ये पांढरेफटक शिंपले उघडे पडतात आणि मुले ते खिसे भरून घेतात.

आम्ही सहकुटुंब गेलो तेव्हा भाचीने एक शिंपला उचलून जाहीरच केले, "मामू, हा जीवाश्म आहे! म्हणजे इथे समुद्र होता." शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तशी चिठ्ठी लावून तो मांडायचा तिचा बेत होता. चुकीची चिठ्ठी लागली तर शंभर मुले तीच घेऊन घरी जाणार, म्हणून आम्ही तिथेच बसून शिंपला नीट पाहिला.

आधी जमीन पाहा. आपल्या जिल्ह्याचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरून थंड झालेला लाव्हा. त्यात समुद्राचे शिंपले सापडत नाहीत. मग समुद्री शंख इथे आला, तर माणसानेच आणला असणार. नेवाशाच्या लाडमोड टेकडीवर १९५४ ते ५६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, शां. भा. देव, झेड. डी. अन्सारी यांनी उत्खनन केले. तिथे शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. तो शंख किनाऱ्यावरून व्यापाराने आलेला. तो जुना आहे, पण जीवाश्म नव्हे.

भाचीच्या शिंपल्याला आतून मोत्यासारखी झाक होती, बाहेर तपकिरी-हिरवट सालीचे पापुद्रे चिकटलेले होते आणि तो हातात हलका होता. म्हणजे गोड्या पाण्यातला, अगदी अलीकडे मेलेला प्राणी. पांढरा रंग उन्हाने येतो. मुरूडच्या वाळूत वर्षभर पडलेला शिंपलाही तसाच पांढरा होतो, त्यावरून वय ठरत नाही. व्हिनेगरचा थेंब टाकून फेस पाहण्याची युक्तीही इथे निरुपयोगी, कारण नवा शिंपला फसफसतो आणि चुनखडीचा जीवाश्मही.

खरा जीवाश्म बहुधा जड लागतो. त्याच्या पोटात माती नव्हे, तर घट्ट दगड भरलेला असतो आणि तो नखाने निघत नाही. चमक, साल बहुतेक गेलेली असते. कधी कवच विरघळून जाते आणि उरतो फक्त आतला दगडी साचा. शिवाय तो कुठल्या थरातून निघाला हे ठाऊक हवे. नदीच्या उभ्या दरडीत, चुनखडीच्या खड्यांसोबत शिंपला रुतलेला दिसला तर तो हजारो वर्षांचा असू शकतो. प्रवरेच्या जुन्या गोटाळ थरांतून आदिमानवाच्या दगडी हत्यारांबरोबर रानबैलाची अश्मीभूत हाडेही मिळाली आहेत. म्हणून असा शिंपला उपसून काढू नये. जागेवरच फोटो घ्यावा, शेजारी नाणे ठेवून.

भाचीने चिठ्ठी बदलली: "प्रवरेचा शिंपला, आजचा." थोडी हिरमुसली, खरे. मग तिला सांगितले, नागपूरजवळ टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात गोगलगायींचे खरे जीवाश्म मिळाले आहेत, आणि समुद्राचे हवे असतील तर कच्छला जावे लागेल. तूर्त डेक्कन कॉलेजचे संग्रहालय जवळ आहे. पुण्याला खालाकडे जाणे होईल तेव्हा तिथे आधी फोन करून वेळ विचारायची, असे ठरले आहे.