बारा व्होल्ट आणि एक बल्ब

गाडीची चावी नुसती ऑन केली, सेल्फ मारला नाही, तरी बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येतो. तो इलेक्ट्रिक फ्युएल पंप. टाकीत, पेट्रोलमध्येच बसलेला असतो. आवाज आला नाही तर आधी फ्यूज बघायचा, मग रिले.

रिले म्हणजे काय, तर छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ८५ आणि ८६ नंबरच्या पायांना करंट मिळाला की आत 'टक्' होतं आणि ३० नंबरवरची बॅटरीची वीज ८७ वरून पंपाकडे जाते. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघावी. फुकटातली टेस्ट!

पण आवाज येतोय आणि तरीही गाडी दगा देतेय, असं झालं तर?

महाडच्या माझ्या मावसभावाची गाडी २२ जुलै २०२१ च्या पुरात सीटपर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर चिखल काढला, धुतली, वाळवली, चालू झाली. दोन-तीन वर्षं तक्रार नाही. मग पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढायला लागली की धापा टाकायला लागली. सपाटीला मात्र एकदम शहाणी. एकदा मावशीला साताऱ्याला डॉक्टरकडे नेताना भर पावसात, धुक्यात, घाटातल्या वळणावर बंद पडली. वर दरडीची भीती, खाली दरी. एका गॅरेजने पंप बदलून दिला. पैसे गेले, दुखणं तसंच. मीटर लावला की पंपाच्या कनेक्टरवर बारा व्होल्ट चोख!

पोलादपूरचे आमचे मामा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. ते म्हणाले, "अरे, मीटरला कुठे ओझं ओढायचंय? बल्ब लाव."

पंपाचा कनेक्टर काढून तिथे ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडला. (आधी क्लिपा घट्ट लावायच्या, मगच चावी. पेट्रोलजवळ ठिणगी नको.) चावी ऑन केल्यावर बल्ब पेटला, पण मिणमिणता. अर्थिंग बदलून पाहिलं, रिले बदलून पाहिला, तसाच. रिलेच्या ३० नंबरवर मात्र लख्ख. म्हणजे दोष मधल्या वायरमध्ये. दरवाजाखालचं कार्पेट उचललं, तर एका जॉइंटवर हिरवी बुरशी आणि तांब्याच्या दोन-तीनच तारा शिल्लक.

मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून त्याला एका तारेवरूनही पूर्ण बारा व्होल्ट दिसतात. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, पंप त्याहून जास्त. तेव्हा व्होल्टेज त्या कुजक्या जागेतच खर्च होतं. पंप मंद फिरतो. सपाटीला तेवढं पुरतं, चढाला जास्त पेट्रोल लागतं तिथे कमी पडतं. सडका तुकडा कापून नवी वायर जोडली. खर्च चहापाण्याइतका.

हे सगळं बघत मावशी ओटीवर बसली होती. तिला कधीही विचारा, "बरी आहे रे" म्हणते. पण पावसाचा जोर वाढला की रात्री तीन-तीनदा उठून पायरीपर्यंत पाणी आलंय का बघते. आपण फोनवर विचारतो ते मीटर लावल्यासारखंच. जुलैतली एक रात्र तिच्याकडे राहिल्यावर कळतं.

असो. पूर पाहिलेली गाडी असेल तर पावसाळ्याआधी एकदा कार्पेट उचलून बघा. आणि पूर पाहिलेलं माणूस असेल तर मुक्कामालाच जा.