गाणे जवळचे, गाणारा लांबचा

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त किनवटला गेलो होतो. पोचेऱ्याचा धबधबा पाहायचा म्हणून तिथून बोथला गेलो. बोथ आज तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे. पण बाजारात उतरलो तर तेलुगूबरोबर मराठीही कानावर आली. यात नवल नाही. 1956 पर्यंत बोथ आणि किनवट हैदराबाद राज्यात, एकाच जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत किनवट मुंबई राज्यात गेले, बोथ आंध्र प्रदेशात राहिले. सीमा सरकली, बोली तिथेच राहिली.

चहाच्या टपरीवर एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली. ते परधान समाजाचे. परधान म्हणजे गोंडांचे भाट. तीन तारांची किंगरी वाजवून गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा तेच गातात. कुठले कूळ कुठल्या देवाचे, कुणाची सोयरीक कुणाशी चालते, हे सगळे त्या गाण्यांत असते. गंमत अशी की या परधानांची मातृभाषा मराठी. "घरात मराठी, देवापुढे गोंडी," मास्तर हसून म्हणाले.

मग थोडे थांबून म्हणाले, "आमच्या आजोबांशिवाय देवकार्य होत नव्हतं. मान होता, दान मिळायचं. पण त्यांच्या हातचं शिजवलेलं कुणी खात नव्हतं."

हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने 1940च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून जे लिहिले, त्यातही परधानांचे हे दोन्ही अंगांनी वर्णन आहे. मला मात्र पुस्तक आठवले नाही. मला आमची पडवी आठवली.

आमचे घर फोंडे महालातले. रेडिओवर केसरबाई केरकर लागल्या की आजी हातातले काम टाकून बसायची. पालखीच्या रात्री देवळाच्या चौकात गाणाऱ्या कलावंत बायांचे गाणे ऐकून तिचे डोळे भरून यायचे. त्यांतलीच एक म्हातारी बाई चवथीला आमच्याकडे यायची. आजी तिला मायेने चहा द्यायची, पण तिची कपबशी वेगळी. पडवीतल्या फळीवर उपडी ठेवलेली. चहा पिऊन झाला की ती बाई आपणच कप विसळून जागेवर ठेवायची.

आजी दुष्ट नव्हती. गाण्यात देव पाहायला तिला ज्या संस्कारांनी शिकवले, त्यांनीच ती कपबशीही वेगळी ठेवायला शिकवले. धर्म माणसाला काम नेमून देतो, कामातून मान मिळतो, आणि त्याच कामावरून त्याची पायरीही ठरते. मग ती पायरी देवानेच घातली असे सगळ्यांना वाटू लागते.

आपल्याकडे ती मोडली ती त्या समाजाने स्वतः. शिकून, संघटित होऊन. त्याच समाजातले भाऊसाहेब बांदोडकर 1963 साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. केसरबाईंचा आवाज 1977 साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेला. आमच्या पडवीतली कपबशी मात्र फळीवरच होती.

आजी गेल्यावर घर आवरताना मी ती खाली काढली, धुतली आणि घरच्या कपांत मिसळून टाकली. तोवर ती बाई हयात नव्हती. लहानपणी मी आजीला काही विचारले नाही, हे एक वेळ चालेल. मोठा झाल्यावरही विचारले नाही.

बोथच्या टपरीवर मास्तरांनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.