घोडीपाल

आमचे आडनाव नालबंद. आजोबांनंतर घरात कुणी खुराला हात लावला नाही, तरी घोड्यांविषयी काही दिसले की मी वाचतोच. पंजाबातल्या झेलम कालव्याच्या वसाहतीची हकिकत अशीच हाती लागली. सरगोध्याकडे १९०२ पासून इंग्रज सरकारने बऱ्याच जमिनी एका अटीवर दिल्या : लष्करासाठी घोडी पाळायची. पैदाशीचा नर घोडा सरकार देणार, शिंगरू पसंत पडले तर पहिला हक्कही सरकारचा. अशा शेतकऱ्याला ‘घोडीपाल’ म्हणत.

घोडा फुकट मिळाला असे वाटेल. पण जमिनीचे तुकडे पडले तर घोडी पोसणार कोण? म्हणून बाप मेल्यावर जमीन एकाच मुलाच्या नावावर. शरियतची वाटणी दूरच, भावाभावांत सारखे वाटायचा गावचा रिवाजही मोडला. बहिणींना तर रिवाजाने आधीच काही नव्हते.

वाचून साहेबाचा राग आला. मग आठवले, अब्बांच्या चाळिसाव्यानंतर हक्कसोडपत्राचा कागद आपापुढे मीच सरकवला होता. तिने तो वाचलासुद्धा नाही. सही करून चहा टाकायला आत गेली. आमच्या घरी तर घोडीही नव्हती.