तेलाचा डाग

चतुर्थी आठ दिवसांवर आली होती. आईने पडवी धुऊन लख्ख केली होती, आणि त्या लाल सिमेंटवर, अगदी मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढा एक काळा डाग उमटलेला तिला सकाळी दिसला. डागाच्या बरोबर वर आमची मोटारसायकल उभी होती. गुन्हा आणि गुन्हेगार एकाच ठिकाणी सापडल्यावर खटला तो काय चालायचा!

ही गाडी बाबांची. साडेतीनशे सी. सी. ची, एका सिलिंडरची, 1988 साली बांधलेली. म्हापशाच्या स्टँडवर बाबांनी तिच्यावर ‘पायलट’ म्हणून वर्षानुवर्षे भाडी मारली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे मोटारसायकलच्या मागे प्रवासी बसवून नेणाऱ्याला पायलट म्हणतात. त्याच्या गाडीचे पुढचे मडगार्ड पिवळे असते. आता ते मडगार्ड मी काळे करून घेतले आहे, तरी जिथे रंग खरवडला आहे तिथून जुना पिवळा रंग अजून डोकावतो. त्या पिवळ्या रंगाने मला पदवीपर्यंत शिकविले.

बाबांनी डाग पाहिला आणि ते हसले. “तेल गळटा जाल्यार भितर तेल आसा, पुता. भियेनाका.”

परंतु माझे समाधान होईना. एका मेस्त्रीला गाडी दाखविली. त्याने वाकून खाली एकवार पाहिले आणि निकाल दिला: सिलिंडरच्या बुडाचे पॅकिंग गेले आहे, सबंध इंजिन उघडावे लागेल, दहा हजार रुपये तरी होतील. “त्यापेक्षा भंगारात द्या,” असा सल्लाही त्याने फुकट दिला. बाबा पडवीत बसून सारे ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही.

मी स्वतःच पाहावयाचे ठरविले. विषय मराठी आणि इतिहास शिकविणाऱ्या माणसाने इंजिनला हात घालावा हे धाडसच. पहिली चूकही लगेच केली. थेंब तेल सोडण्याच्या बोल्टावर लोंबत होता, म्हणून मी त्या बोल्टाचा वायसर बदलला. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर! बोल्ट आणखी जोराने आवळावा असा मोह झाला. पण ॲल्युमिनियमचे आटे जास्त आवळले तर जातात, हे बाबांनी वेळीच बजावले.

मग शांतपणे विचार केला. तेल पाण्यासारखेच खाली उतरते. ते जेथे लोंबते ती त्याच्या प्रवासाची अखेर असते, आरंभ नव्हे. शिवाय गाडी धावताना वारा त्याला मागे रेटतो. तेव्हा सर्वांत ओली जागा न शोधता, सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधली पाहिजे.

प्रथम गळते ते काय, हे ठरविले. पेट्रोल असते तर उडून गेले असते. गियरपेटीतले तेल असते तर गंधकासारखा उग्र वास आला असता. बोटावर घेतलेला थेंब काळा आणि किंचित जळकट वासाचा होता. म्हणजे इंजिनचेच तेल. मग पट्टी काढून पातळी पाहिली. तेल प्रमाणाबाहेर भरले तरी ते बाहेर फेकले जाते. पण पातळी दोन खुणांच्या मध्येच होती. नंतर ब्रीदरची नळी तपासली. पिस्टन प्रत्येक वेळी खाली येताना त्याच्याखालची सुमारे साडेतीनशे घनसेंटिमीटर हवा रेटतो. तिला बाहेर पडण्याची वाट मिळाली नाही तर ती जो सांधा दुबळा असेल तेथून तेल ढकलते. नळी मोकळी होती.

राहिले सांधे. इंजिन थंड असताना डिझेलमध्ये बुडविलेल्या ब्रशाने मी ते वरपासून खालपर्यंत घासले, साबणाच्या पाण्याने धुतले, कोरडे केले. आणि मुलीचा पावडरचा डबा घेऊन सगळ्या सांध्यांवर पावडर भुरभुरली. बाबांना हा प्रकार पाहून फार मौज वाटली. नंतर अस्नोड्यापर्यंत जाऊन परत आलो आणि बॅटरीच्या उजेडात पाहू लागलो.

खालचा बोल्ट कोरडा होता. सिलिंडरच्या बुडाशीही पावडर शुभ्र होती. पण अगदी वर, रॉकरच्या झाकणाखाली, पावडरीत एक बारीक करडी रेघ उमटली होती. तेथून निघालेले तेल लोखंडी पट्ट्यांच्या आडून, मागच्या अंगाने, कोणाला न दिसता तळाशी पोहोचत होते. झाकण काढले तर आतले पॅकिंग उन्हात विसरलेल्या पापडासारखे कडक होऊन तडकलेले. नवे पॅकिंग चाळीस रुपयांना मिळाले. दोन्ही पृष्ठभाग फडक्याने स्वच्छ पुसून ते बसविले, नट बेताने आवळला, आणि गाडीखाली पुठ्ठा ठेवून तीन रात्री वाट पाहिली. पुठ्ठा कोरा राहिला.

येथे हा लेख संपावयास हवा होता. पण चौथ्या दिवशी, शाळेत ग्रंथालयाची नोंदवही चाळताना, माझा हात एकाएकी थांबला.

पंधरा दिवसांपूर्वी इतिहासाच्या एका पुस्तकातला नकाशा नाहीसा झालेला आढळला होता. पुस्तक ज्याच्याकडून परत आले त्या आठवीतल्या मुलाला मी भर वर्गात उभे करून खूप बोललो होतो. तो खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मी कबुली असा केला. आता मी नोंदवहीतील नावे खालून वर वाचीत गेलो. त्याच्या वर एक मुलगी, तिच्या वर आणखी एक मुलगा आणि त्याच्याही वर, माझ्याच अक्षरात, माझे नाव!

मी कपाट उघडले. गेल्या वर्षी फळ्यावर काढण्यासाठी सुट्या झालेल्या पानावरचा तो नकाशा मी बाजूला ठेवला होता. डिंक लावून परत चिकटवीन म्हणून. तो जुन्या हजेरीपटात तसाच होता.

त्या दिवशी आठवीच्या वर्गात मी नकाशा सर्वांना दाखविला आणि घडले ते सांगितले. क्षमा मागताना शब्द नीट फुटेनात. तो मुलगा उभा राहिला व हळूच म्हणाला, “असू द्या, सर.” पण तो खाली बसला तेव्हा त्याची मान पंधरा दिवसांत पहिल्यांदाच वर होती, हे मी पाहिले.

गाडी आता गळत नाही. तरीही तिच्याखालचा पुठ्ठा मी अजून काढलेला नाही. बाबा विचारतात, हा कशाला? मी काही सांगत नाही. सकाळी शाळेला निघण्यापूर्वी एकदा वाकून पाहतो, इतकेच.