माळाची रुंदी

धाराशिवात डोंगर शोधत आलेला हौशी फोटोवाला लवकर परत जातो. त्याला सुळके हवे असतात, कडे हवे असतात. आमचा बालाघाट माथ्यावर सपाट आणि उतारावर लांबलचक. नेहमीच्या चौकटीत निम्मं आभाळ आणि निम्मी काळी माती, एवढंच हाती लागतं. ही जमीन आडवी वाचायची आहे. म्हणून मी पॅनोरमाकडे वळलो आणि आता दुसरं काही काढावंसं वाटत नाही.

*

या जिल्ह्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात ते भेगाळलेल्या तळ्याचे, टँकरभोवतीच्या घागरींचे. ते खरेच आहेत, आणि ते छापले गेलेच पाहिजेत. पण त्यांच्या बाहेर किती जमीन उरते! तिच्याकडे कीव न करता बघणारं कुणीतरी हवं.

*

फुल-फ्रेम कॅमेऱ्याला 50 मिमीची लेन्स लावून तो उभा धरला की एका फोटोत आडवे साधारण 27 अंश मावतात. शेजारच्या दोन फोटोंत एक तृतीयांश भाग सामाईक ठेवायचा, म्हणजे दर वेळी 18 अंश वळायचं. अर्ध्या क्षितिजाला दहा फोटो लागतात. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स पहिल्या फोटोआधीच कायम करायचं, नाहीतर जोडांवर पट्टे उमटतात. पोलरायझर काढून खिशात ठेवायचा. सूर्यापासून 90 अंशांवरचं आभाळ तो सर्वांत गडद करतो. एकट्या फोटोत ते शोभतं, रुंद चित्रात मात्र मधेच निळा डाग पडल्यासारखं दिसतं.

*

काळी माती कॅमेऱ्याला कळत नाही. समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं असणार असं धरून तो उजेड मोजतो, आणि पाळी घातलेलं काळं रान राखेसारखं फिकट करून टाकतो. एक्स्पोजर थोडं उतरवलं की मातीला तिचा रंग परत मिळतो.

*

सर्वांत चांगला काळ हस्ताचा पाऊस होऊन गेल्यावरचा. धुरळा बसलेला असतो. शंभर मीटर उंचीवर उभं राहिलं की हिशेबाने सुमारे 36 किलोमीटरवर क्षितिज असतं, आणि त्या दिवसांत त्यातलं बरंच काही खरोखर दिसतं. एप्रिलमध्ये तेच ठिकाण पांढुरक्या झाकोळाआड जातं. उन्हाळ्यात दुपारी तर कॅमेरा बाहेर काढूच नये. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य आमच्या थेट डोक्यावर येतो, उभ्या माणसाला सावली नसते. बांध, ओघळ, उंचवटे सगळे सावलीनेच दिसतात. ती नसली की माळ कागदासारखा सपाट.

*

नळदुर्ग. पावसाळ्यात इथे गर्दी होते ती नर आणि मादी या दोन धबधब्यांची. सगळे जवळ जाऊन मोबाइल उभा धरतात, पाणी मिळतं आणि किल्ला सुटतो. मला वाटतं, इथली खरी गोष्ट पाण्याहून जास्त त्या बंधाऱ्यात आहे. बोरी नदीवर 1613 मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात तो बांधला. या बंधाऱ्याने नळदुर्ग आणि रणमंडळ हे दोन भाग जोडले, पाणी अडवलं, आणि त्याच्याच पोटात पाणीमहाल सामावला. दोन्ही तटबंद्या, मधली भिंत आणि तिच्यावरून उसळणारं पाणी एका चित्रात आलं तरच बांधणाऱ्याचा विचार दिसतो. त्यासाठी मागे सरकावं लागतं, भिजण्याचा मोह सोडावा लागतो.

पाणीमहालाच्या आतून काढणं फार अवघड. जवळची कमान आणि दूरचं पाणी, दोन्ही चित्रात येतात. कॅमेरा वळताना थोडा जरी सरकला तरी कमान पाण्यावरून सरकते आणि जोड फसतो. यावर जुना उपाय आहे. मोकळ्या रानात एका रेषेत दोन काठ्या रोवायच्या, एक जवळ, एक लांब. कॅमेरा डावी-उजवीकडे वळवून बघायचं. काठ्या एकमेकींपासून सुटल्या तर कॅमेरा ट्रायपॉडवर मागेपुढे करायचा. सुटेनाशा झाल्या की ती जागा पट्टीवर खुणेने पक्की करायची. मोबाइलवाल्यांना एवढंच सांगतो, हात फिरवू नका, मोबाइल जागेवर ठेवून तुम्ही त्याच्याभोवती फिरा.

उपळी बुरुजावरून मात्र पूर्ण फेरा मिळतो आणि जवळची वस्तू फारशी आड येत नाही. तिथे काठ्यांची गरज नाही.

*

1853 मध्ये निजामाने इंग्रजांकडे सोपवलेल्या मुलखातला नळदुर्ग जिल्हा मेडोज टेलरच्या हाती आला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा तोच. 1877 मध्ये आलेल्या त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्गच्या किल्ल्याचं वर्णन आहे. टेलरने हा मुलूख कामासाठी फिरून पाहिला होता, म्हणून ते वर्णन वाचून किल्ल्यावर गेलं की काय बदललं आणि काय टिकलं ते नीट कळतं.

*

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत येणारी माणसं. पॅनोरमात चालणारा माणूस दोनदा येतो, किंवा अर्धाच येतो. सॉफ्टवेअर त्याला पुसून टाकायला तयार असतं. मी पुसत नाही. रस्ता भरलेला होता हेच त्या चित्रात सांगायचं आहे.

*

शेताच्या कडेला ट्रायपॉड उभा केला की बांधावरून हाक येते, “मोजणी हाय का, दादा?” शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीपासून या प्रश्नात जमीन जाण्याची धास्ती असते. आधी जाऊन सांगावं, चित्र दाखवावं, परवानगी घ्यावी. कुणाच्या काळजाला घोर लावून काढलेला फोटो मला नको.

*

सास्तूरकडची गावं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात जाड दगडामातीच्या भिंतींची माळवदाची घरं माणसांवर कोसळली. पुनर्वसनात नवी घरं सरळ ओळींत आली. जुनं गावठाण आणि नवी वसाहत यांच्यामधलं अंतर कुठल्याच जवळच्या फोटोत मावत नाही. ते रुंद चित्रातच कळतं. इथे कॅमेरा काढण्याआधी पारावरच्या माणसांशी बोलून घेतो, आणि कुणी नको म्हटलं तर काढत नाही.

*

हौशी माणसाच्या हातून होण्याजोगं एक उपयोगी काम आहे: त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, त्याच नक्षत्रात दर वर्षी तेच क्षितिज टिपणं. खरिपात सोयाबीन किती पसरलं, ज्वारी कुठे मागे हटली, माळावर पवनचक्क्या कधी उभ्या राहिल्या, कुठली विहीर बुजली, हे सगळं त्यात आपोआप नोंदलं जातं. जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवावेत, ट्रायपॉडची उंची लिहावी, पहिला फोटो कुठल्या झाडापासून सुरू केला तेही. झाड तोडलं जाऊ शकतं, म्हणून सोबत एखादा खडकही नोंदवावा.