लंडनची काळी टॅक्सी व पेट्रोलाचा हिशेब

गेल्या वर्षीं लंडनला चिरंजिवांकडे आमचा महिनाभर मुक्काम झाला. तेथील राजवाडे, पूल यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आमचें चित्त वेधलें तें तेथील नव्या काळ्या टॅक्सीनें. आंत सहा उतारू ऐसपैस बसतात, आणि स्ट्रँडवरील गर्दींतून ती नि:शब्द सरकते.

१ जानेवारी २०१८ पासून लंडनमध्यें नव्यानें परवाना मिळणारी टॅक्सी कांहीं अंतर तरी धुराविना चालणारी हवी, असा नियम आहे. म्हणून कॉव्हेंट्रीजवळ अ‍ॅन्स्टी येथें तयार होणाऱ्या या गाडीच्या पोटांत मोठी बॅटरी व दीड लिटरचें पेट्रोल-एंजिन, अशीं दोन बिऱ्हाडें नांदतात. चाकें फिरतात विजेच्या मोटरीनें. बॅटरी उतरली म्हणजे एंजिनानें वीज निर्माण करावयाची. भरलेल्या बॅटरीवर सुमारें शंभर किलोमीटर जातां येतें.

या योजनेचें मर्म शहरांतच कळतें. साधी गाडी सिग्नलपाशीं उभी असतांहि पेट्रोल पीतच असते, आणि ब्रेक दाबला कीं कमावलेली गति उष्णता होऊन वायां जाते. विजेची मोटर उभ्यानें कांहीं खात नाहीं. उलट वेग उतरतांना तीच जनित्र बनून कांहीं शक्ति बॅटरींत परत भरते. हमरस्त्यावर ब्रेक क्वचितच लागतो. तेथें परत काय मिळणार?

चिरंजीवहि प्लग लावून भरावयाची अशीच दुहेरी मोटार घेण्याच्या विचारांत होते. विक्रेत्याच्या कागदावर शंभर किलोमीटरांस दोन लिटरांहूनहि कमी पेट्रोल! आम्हीं विचारलें, "अरे, तूं राहतोस तिसऱ्या मजल्यावर, गाडी रात्रभर रस्त्यावर. वीज भरणार कोठून?" सूनबाई हंसल्या; हाच प्रश्न त्यांनीं आधींच घातला होता.

प्रश्न क्षुल्लक नव्हे. युरोपीय आयोगानें २०२१ मध्यें नोंदलेल्या गाड्यांतील प्रत्यक्ष नोंदी तपासून मार्च २०२४ मध्यें अहवाल काढला. त्यांत अशा मोटारींचा कर्बवायु प्रयोगशाळेंतील आंकड्याच्या सरासरी साडेतीनपट भरला. मुख्य कारण हेंच कीं, गृहीत धरलें होतें तितक्या वेळां मालक प्लग लावीतच नाहींत. मग बॅटरीचें ओझें तेवढें फुकट वाहावें लागतें. टॅक्सीवाल्याचें पोट त्या प्लगावर असतें, म्हणून तो विसरत नाहीं.

लंडनच्या कित्येक भागांत दिव्याच्या खांबावरच वीज भरण्याची सोय झाली आहे. चिरंजिवांच्या गल्लींत ती नव्हती. सूनबाईंनीं नगरपालिकेकडे अर्ज धाडला असून, उत्तर येईपर्यंत खरेदी तहकूब आहे.